डासाचा इतिहास की पाण्याचा?

आमच्या लहानपणी कुणाला हुडहुडी भरून ताप आला की घरातली म्हातारी माणसं एकच निदान करायची, "पाणी बाधलं." लग्न होऊन आलेली सून पहिल्याच पावसाळ्यात आजारी पडली, बदलीवर आलेला तलाठी अंथरुणाला खिळला, की हेच. पुढे विज्ञानाच्या पुस्तकाने त्या निदानावर लाल शाईने फुली मारली. हिवताप पाणी प्यायल्याने होत नाही, तो अ‍ॅनाफिलिस जातीच्या डासाच्या मादीमुळे होतो. हे वाक्य मी नोकरीच्या काळात किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल, त्याची मोजदाद नाही.

वाक्य बरोबरच आहे. पण सत्तरी उलटल्यावर आता वाटतं, त्या म्हाताऱ्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. दुखणं पिण्याच्या पाण्यातून येत नसेल, पण त्याचं मूळ गावच्या पाण्यातच असे. डास उडताना दिसतो म्हणून आपण त्याला हवेतला प्राणी समजतो. खरं तर त्याचं सगळं बालपण पाण्यात जातं. अंडं, अळी, कोष हे सारं पाण्यात, आणि उन्हाळी हवेत अवघ्या आठ-दहा दिवसांत पंख फुटून तो बाहेर.

आज लिहायचं आहे ते डासांच्या बंदोबस्ताबद्दल, आणि तेही आमच्या हिंगोली-परभणी-नांदेडकडच्या. विषय तसा क्षुल्लक. पण मनाशी जुळवाजुळव करू लागले तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे डासाचा असा वेगळा इतिहास नाहीच. गावात पाणी जसं बदलत गेलं, तसतसा गावातला डास बदलत गेला.

गोष्ट सुरू होते ती आपल्याच जुन्या राज्यात. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी होती, ती १९०३ साली उठली. त्या काळच्या फौजांत लढाईपेक्षा ताप आणि पटकी यांनीच जास्त शिपाई जात. म्हणून की काय, हिवतापाचा छडा लावला तोही लष्करी डॉक्टरांनीच. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू दिसला. तो जंतू माणसात येतो कसा, याचं उत्तर मिळालं ते सिकंदराबादेत, म्हणजे निजामाच्या राजधानीला लागूनच. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या पोटात तो जंतू सापडला. हे डास ज्याचं रक्त प्यायले होते त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. डास चावून घ्यायचे त्याला पैसे मिळत, एका डासामागे एक आणा! रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं. २० ऑगस्टला जगभर डास दिन पाळतात तो याचमुळे. हुसेन खानाचं पुढे काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

शत्रू कळला, आता त्याला मारायचं कसं? त्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरांनी जे केलं ते आज वाचताना फार शहाणपणाचं वाटतं. त्यांच्याकडे औषध नव्हतंच, तेव्हा ते डासाच्या मागे न लागता पाण्याच्या मागे लागले. अमेरिकन लष्करी डॉक्टर गॉर्गस यांनी आधी हवानात आणि मग १९०४ पासून पनामात घरोघर माणसं पाठवली. पिंपांना झाकणं, साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग, डबक्यांना चर, न ऐकणाऱ्याला दंड. दोन वर्षांच्या आत तिथला पीतज्वर गेला आणि पनामा कालवा होऊ शकला. त्यांच्याआधी फ्रेंचांनी तिथे हजारो माणसं गमावली होती. त्यांच्या इस्पितळाची एक गोष्ट सांगतात. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, आणि त्याच वाट्यांत डास वाढत! आपल्याकडे दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय अशाच वाट्यांत असायचे. आठवतंय ना?

मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहराच्या हिवतापाचा अहवाल दिला. त्यांचंही बोट विहिरी आणि टाक्यांकडेच होतं. त्या झाका नाहीतर बुजवा म्हटल्यावर लोकांच्या धर्मभावना दुखावल्या, अर्ज-विनंत्या झाल्या. तरी उघड्या टाकीवर घट्ट झाकण हवं हा मुंबई महानगरपालिकेचा आग्रह तेव्हापासूनचा. थोडक्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाणत्यांची नजर नेमकी पाण्यावर होती.

ती नजर हलली डीडीटीमुळे. पाउल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली त्या पावडरीचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. तिची करामत अशी, की मादी रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर डीडीटी मारलेली असेल तर पायाला लागून ती मरते. फवारणीचा गुण कित्येक महिने टिकतो. म्हणजे डबकी शोधत हिंडायला नको, झाकणं नकोत, दंड नकोत. वर्षातून दोनदा घरात फवारा मारा, काम झालं. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून धारवाड आणि कारवारकडच्या भागात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. यश इतकं झपाट्याने आलं की १९५८ साली कार्यक्रमाच्या नावातला 'नियंत्रण' शब्द काढून 'निर्मूलन' घातला.

ते दिवस मला चांगले आठवतात. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेलेला होता, मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. गावात दवंडी व्हायची. घरातलं धान्य, भांडी, अंथरुणं सगळं अंगणात. मग खाकी कपड्यातली माणसं बादली आणि पितळी पंप घेऊन यायची. एकजण पंप हाणायचा, दुसरा नळी धरून भिंतीवर पांढरट पट्टे ओढायचा. जाताना दाराशेजारी भिंतीवर तारीख आणि काही आकडे लिहून जायचे. गावात घरोघरी दारांवर गणपती आणि दाराशेजारी 'मलेरिया'! आम्हा मुलांची इंग्रजी अक्षरांशी पहिली ओळख त्या भिंतींवरच झाली. दर पंधरा दिवसांनी मलेरियाचा माणूस सायकलवर यायचा, कुणाला ताप आहे का विचारायचा, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचा आणि कडू गोळ्या द्यायचा. जुनी माणसं त्यांनाही कोयनेलच म्हणत.

पण बायकांच्या राज्यात एक अडचण होती. फवारणीने भिंतींवर डाग पडत, वास येई. दिवाळी, पंचमी तोंडावर असली की आठ-पंधरा दिवसांतच भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या जात, खाली शेणाने सारवण होई. झालं, सरकारची डीडीटी मातीखाली! देवघरात आणि चुलीपाशी तर फवारा मारूच देत नसत. यात बायकांचा दोष काय? भिंतीवर पावडर का हवी, ती किती दिवस राहू द्यायची, हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. सरकारने येऊन काहीतरी मारलं, आणि गेलं.

तरीही आकडे बोलत होते. १९६५ साली देशभरात हिवतापाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उरले आणि मृत्यूची नोंद शून्य. साडेसात कोटींवरून एक लाख! स्वतंत्र भारताची ही फार मोठी कामगिरी, आणि तिची आठवण आपण फारशी ठेवली नाही. पुढे अकराच वर्षांत, १९७६ साली, आकडा ६४ लाखांवर गेला. पावडर वेळेवर मिळेना, पैसा कमी पडला, 'हिवताप संपला' म्हणून देखरेख सैल झाली. मुख्य म्हणजे डास शहाणा झाला. खेड्यातला हिवतापाचा मुख्य डास डीडीटीला दाद देत नाही, हे १९५९ सालीच पंचमहाल जिल्ह्यात दिसलं होतं. पुढे गुजरात आणि महाराष्ट्रात तर तो एकामागून एक तीन-तीन विषं पचवायला शिकला. १९७७ साली सरकारने नवी योजना आखली आणि निर्मूलनाची भाषा हळूहळू मागे पडली.

आता त्याच काळात गावच्या पाण्याचं काय होत होतं ते पाहू. खरी मेख तिथे आहे.

माझ्या आईच्या पिढीत पाणी डोक्यावरून यायचं. नदी, विहीर, नाहीतर गावचा आड. प्रत्येक घागरीमागे मानेला कळ. त्यामुळे पाणी सांडायला नव्हतंच! अंघोळ कमी पाण्यात, भांडी राखेने घासून जेमतेम विसळायची. न्हाणीतून जे काही वाहून जाई त्यावर परसातली केळ, कर्दळ आणि अळूचा वाफा जगत असे. सांडपाण्याची व्यवस्था असा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, पण व्यवस्था होती. तेव्हा डास नव्हते असं नाही. ओढ्याच्या कडेला, विहिरीत, पाणंदीतल्या डबक्यात असायचेच. पण ते पावसाळ्याचे पाहुणे.

मग पाणी वाढलं. साठच्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली. कालवे वसमतकडच्या शिवारात गेले, ऊस आणि केळी आली, घरं सुधारली. त्याचबरोबर कालव्याची झिरपण आली, मुरूम खणून नेलेले खड्डे बारमाही भरलेले राहू लागले. हिवतापाच्या डासाला असंच पाणी लागतं, स्वच्छ, संथ, ऊन पडणारं. त्याला दिवसा विसाव्याला गोठा हवा, तोही घरोघर होता. शेतकऱ्याला पाणी दिलं हे चांगलंच केलं. पण पाणी देणारं खातं वेगळं, ताप मोजणारं खातं वेगळं, आणि दोघांच्या मध्ये जो खड्डा राहिला तो कुणाच्याच खात्यात नव्हता.

नंतर १९७२ चा दुष्काळ. त्याने आम्हाला बोअर दिले आणि हातपंप दिले. हातपंपाभोवती चिखलाचं तळं ठरलेलं. पाठोपाठ नळयोजना आल्या. पाण्याची टाकी झाली, गल्लीत नळ आला, मग घरात आला. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याहून मोठं सुख नाही. पण योजना पाणी आणण्याची होती. आलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे, याचा विचार त्यात नव्हता. परस गेलं, तिथे खोल्या झाल्या. केळीचं आळं बुजलं. न्हाणीचं पाणी गल्लीत आलं, गल्लीतलं पाणी रस्त्याच्या कडेला साचलं, आणि तिथे आला तिसऱ्याच तऱ्हेच्या पाण्यातला डास. हा क्युलेक्स. याला घाण पाणीच आवडतं. रात्री कानाशी गुणगुणतो, झोपू देत नाही. आपल्याकडे हा हिवताप देत नाही, पण हत्तीरोग देतो, आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यात त्या रोगाने पाय सुजलेली माणसं कित्येकांनी पाहिली आहेत.

गटारं बांधली नाहीत असं नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा आमच्या जिल्ह्याला परभणीतून वेगळं होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गावोगाव उत्साहाने झाडलोट झाली, सिमेंटच्या नाल्या झाल्या. पण नाली म्हणजे माझ्या दारातलं पाणी तुझ्या दारात ढकलणं. शेवटचं घर कुणाचं, यावर सगळं अवलंबून. बहुतेक गावांत शेवटचं घर गरिबाचं असतं.

मग २००६ साल उजाडलं. मराठवाड्यात घरंच्या घरं तापाने आडवी झाली, ताप उतरला तरी सांधे धरलेले. धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती. चिकुनगुनिया! त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, त्यामुळे लोकांनी नावातला 'चिकन' धरला आणि कोंबडी खाणं सोडलं. खरं तर तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ 'वाकवून टाकणारा'. हा रोग आपल्याला नवाही नव्हता. १९७३ साली बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती, आणि पुढे तीसेक वर्षं तो विस्मरणात गेला. डेंग्यूही त्याच डासाचा. हा एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. याला गटार नको, डबकं नको. याला आपल्या घरातलं चांगलं, झाकून न ठेवलेलं पाणी हवं. रांजण, हौद, ड्रम, कूलर, गच्चीवरचं टायर.

आता पाहा, चक्र कसं फिरलं. घरात पाणी साठवावं का लागतं? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. मराठवाड्यातल्या किती गावांना चार दिवसांनी, आठ दिवसांनी पाणी येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून पुसून कोरडी करा. सल्ला शास्त्राला धरून आहे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडीसुद्धा कित्येक महिने जिवंत राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, घासावीच लागतात. पण आठ दिवसांनी नळ येणार असताना भरलेला हौद ओतायचा कुणी? आणि घासायचा कुणी? आईने, सुनेने. तेव्हा 'लोक ऐकत नाहीत' म्हणण्याआधी त्या बाईच्या हंड्याचा हिशोब मांडायला हवा. ज्यांना हौद ओतणं परवडत नाही त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे मिळतात. चार मासे हौदात सोडले की अळ्या फस्त. (मुलांना वाटायचं हा मासा गप्पा मारतो म्हणून गप्पी. खरं तर त्रिनिदादमध्ये राहिलेल्या गप्पी आडनावाच्या साहेबावरून हे नाव पडलं.) आणि फडक्याचं घट्ट झाकण, हे तर फुकटच.

या सगळ्या काळात घरोघरी उपाय चालूच होते. आधी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, मग मच्छरदाणी, मग कासव छाप अगरबत्ती, मग विजेवरची वडी आणि बाटली. वाईट काहीच नाही. मच्छरदाणी तर उत्तमच. पण हे सगळे उपाय माझ्या खोलीपुरते. माझ्या खोलीतला डास शेजारणीच्या खोलीत जातो, एवढंच. धुराच्या गाडीचंही तसंच. साथ आली की लोक धुराची गाडी मागतात, पुढारी आणून देतात, पोरं मागे धावतात. त्या धुराने मरतात ते उडणारे डास. पाण्यातल्या अळ्यांना धक्काही लागत नाही आणि आठवड्यात नवी फौज तयार. धूर दिसतो म्हणून समाधान होतं. बंद केलेलं डबकं कुणाला दिसत नाही.

यातून वाट काढली ती शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाने. आमच्या कळमनुरीच्या पलीकडे हदगाव, हदगावच्या पलीकडे हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांचं वाढोणा. त्या तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथले सरपंच प्रल्हाद पाटील आणि गावकऱ्यांनी प्रत्येक घराचं सांडपाणी त्याच घराच्या दारात जिरवायचं ठरवलं. गटार बांधायचं नाही, उलट बुजवायचं! घरापुढे साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. त्यात मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोकं. टाकीभोवती दगडगोटे आणि खडी. वरून झाकण आणि माती. न्हाणीचं पाणी नळीने टाकीत येतं, गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून खडीत आणि खडीतून जमिनीत. वर उघडं पाणी नाही, म्हणून डासाला जागा नाही. दगड भरलेले साधे शोषखड्डे पूर्वीही होते, पण ते साबण आणि गाळाने वर्षभरात तुंबत. मधली टाकी साफ करता येते, हीच युक्ती. लोक त्याला जादूचा खड्डा म्हणू लागले. गावातली गटारं गेली, चिखल गेला, आणि डास इतके कमी झाले की टेंभुर्णीची 'डासमुक्त गाव' म्हणून ख्याती झाली. नांदेड जिल्हा परिषदेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अभिमन्यू काळे यांनी २०१६ च्या सुमारास ही कल्पना रोजगार हमीच्या कामात बसवून जिल्हाभर नेली. 'नांदेड पॅटर्न' म्हणतात तो हाच. पुढे राज्याच्या योजनेतही 'निर्मल शोषखड्डे' असं नाव घेऊन तो आला.

मला या खड्ड्याचं कौतुक वाटतं ते एका वेगळ्या कारणासाठी. डीडीटीच्या काळात बंदोबस्त बाहेरून यायचा, भिंतीवर आकडे लिहून निघून जायचा. या खड्ड्यात पाणी ज्याचं, खड्डा त्याचा, टाकीतला गाळ काढायचा तोही त्यानेच. शेवटच्या घरावर काही येऊन पडत नाही. शिवाय जुन्या न्हाणीपाशी केळीचं आळं जे काम करत होतं, तेच काम आहे हे. फक्त पाणी वाढलं म्हणून आळं खोल गेलं.

जादू म्हणाल तर मात्र नाही. आमच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नाही, खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. पिण्याच्या विहिरीजवळ, बोअरजवळ तो चालत नाही. गाळ काढायचा आळस केला की दोन-तीन वर्षांत तुंबतो. आणि हा खड्डा गटारातल्या डासावरचा उपाय आहे. हौदातल्या एडिसला त्याने काही फरक पडत नाही, त्याच्यासाठी झाकण, घासणी आणि गप्पी मासेच. आणखी एक. २०१४ नंतर गावोगाव शौचालयं झाली, फार चांगलं झालं. पण शौचालयाच्या टाकीची हवेची नळी उघडी असेल तर त्या टाकीतून हजारोंनी डास बाहेर पडतात. नळीच्या तोंडाला जाळीचा एक तुकडा बांधायचा. जुन्या ओढणीचा तुकडाही चालतो. बघा, प्रत्येक सुधारणेबरोबर तिचा म्हणून एक डास येतो आणि प्रत्येक डासाचा उपाय सुधारणा करतानाच थोडा विचार केला तर दोन पैशांचा असतो.

हे आज मुद्दाम लिहिण्याचं कारण सांगते. २०१९ साली केंद्र सरकारने जलजीवन मिशन जाहीर केलं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. गणिताची सवय जात नाही, म्हणून हिशोब मांडून पाहिला. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण पाऊण भाग सांडपाणी होतं असं धरा, म्हणजे घरटी दोनशे लिटर. तीनशे उंबऱ्यांच्या गावात रोज ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर! उन्हाळ्यात जे गाव तहसीलवर मोर्चा नेऊन एक टँकर मागतं, तेच गाव रोज सहा टँकर गल्लीत ओतणार. ते जमिनीत गेलं तर विहिरीला, झाडाला उपयोगी पडेल. गल्लीत राहिलं तर डास होईल. पाणी तेच.

म्हणून गावाकडच्या भाचे-पुतण्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ग्रामसभेत नळाची पाइपलाइन कुठून येणार यावर भांडता, ते भांडाच. पण त्याच सभेत एकाने उठून विचारावं, की हे पाणी न्हाणीतून निघाल्यावर जाणार कुठे? आणि याचं उत्तर घराघराच्या नकाशावर काढून घेतल्याशिवाय खाली बसू नये. शहरातल्या मंडळींनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण आजच चढून पाहावं, कुंड्यांखालच्या ताटल्या ओताव्यात आणि फ्रीजच्या मागच्या बाजूला पाणी साचणारी ताटली असते तीही बघावी. ती असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

तुमच्या गावी शोषखड्डे झाले असतील, तर ते अजून चालतात का, गाळ कोण काढतं, आणि डास खरंच कमी झाले का, हे जरूर कळवा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. मी वाट पाहते.